परसात १४ जणांसाठी पोपटी लावायचीये, मडकी किती आणि शेंगा किती घेऊ?

नागावचा_परसवाला

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी ऑफिसचे मित्र आमच्या नागावच्या घरी येतायत, मोठी माणसं १४ आणि पोरं ४. घरामागे परस मोठं आहे, विहिरीच्या पलीकडे चांगली मोकळी जागा आहे, तिथे पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळात भाजायच्या, असं ठरवलंय. अडचण अशी की आमच्याकडे मडकं कायम बाबाच भरायचे, मी लहानपणापासून भांबुर्डा (मडक्यात घालायचा वासाचा रानपाला) आणायला आणि जाळात पेंढा टाकायला, मडक्याला ते कुणाला हातच लावू द्यायचे नाहीत. आता बाबा नाहीयेत, आईला धुराचा त्रास होतो, तिला विचारलं तर म्हणते अंदाजाने भर, पण एवढ्या माणसांचा अंदाज मला कुठून असणार.

एकच मोठं मडकं घेऊ की दोन-तीन? चिकन आतून कच्चं राहायची मला फार भीती वाटते. शिवाय तिघं शाकाहारी आहेत, त्यातली एक मैत्रीण जैन आहे, ती कंदमुळं खात नाही आणि सूर्यास्तानंतर जेवतही नाही, तिला आमच्याबरोबर नुसतं बसवून ठेवायचं मला अजिबात पटत नाहीये. दोघांचं म्हणणं आहे की सरळ बार्बेक्यूची शेगडी भाड्याने आण आणि पनीर टिक्का कर, पण ते त्यांना ठाण्यात कुठेही मिळतं हो, पोपटी नाही मिळत.

रोह्याची_काकू

शेगडी-बिगडी काही आणू नकोस, पोपटीच कर. आणि आधी माळ्यावर चढून बघ बाबांचं मडकं आहे का, एकदोनदा जाळ खाल्लेलं मडकं असलं तर तेच पहिलं घे, तडकायची भीती कमी. नवीन घेणार असशील तर आत्ताच घेऊन ठेव आणि खणखणीत कोरडं होऊ दे. आम्ही एका वर्षी सकाळी धुतलेलं मडकं संध्याकाळी जाळात ठेवलं आणि दहाव्या मिनिटाला फट्कन आवाज, निम्म्या शेंगा राखेत गेल्या.

एक मोठं नको, मधली तीन घे. मोठ्यात बाहेरचं करपतं आणि मधलं कच्चं राहतं, तुझी चिकनची भीती तिथेच आहे. सोबत दुसरं काही असेल तर माणशी पाव किलो शेंगा पुरतात, पण पोपटीला आलेला माणूस शेंगाच खातो, तू सहा किलो धर. शेंगा गावठी वालाच्या, भरलेल्या पण हिरव्या, दाणा दाबला तर नखाखाली मऊ लागला पाहिजे, पिवळ्या पडलेल्या शेंगा घेऊ नकोस. चिकन तीन किलो, दोन मडक्यांत वाटून.

आता भरायचं कसं ते सांगते. बुडाशी भांबुर्ड्याचा चार बोटं थर, त्यावर शेंगा, खडे मीठ आणि हातावर चोळलेला ओवा, मग मधोमध चिकनच्या पुड्या आणि अंडी, वरून परत शेंगा-मीठ-ओवा, आणि तोंडाशी भांबुर्डा असा दाबून भरायचा की मडकं उपडं केलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. पाणी एक थेंबसुद्धा घालायचं नाही, पाल्याचा आणि शेंगांचा ओलावा पुरतो, त्या वाफेतच सगळं शिजतं. अंडी कच्ची, टरफलासकट जातात, पण ती शेंगांच्या मध्ये बसव, मडक्याच्या भिंतीला लागली की फुटतात. चिकनला आलं-लसूण, हळद, घरचा लाल मसाला, लिंबू आणि मीठ लावून रात्रभर ठेव, तुकडे मध्यम, चिरा दिलेले, आणि पाणी सुटलेलं असेल तर निथळून मगच केळीच्या पानात बांध. बांधायला केळीचं सोपटच (खोडाची सुकी साल) वापर, प्लास्टिकची सुतळी चुकूनही नको.

मडकं उपडं ठेवून भोवती पातेरा (सुका पाला), पेंढा, मग शेणी आणि बारीक लाकडं. नुसत्या शेंगांना अर्धा तास, चिकनला पाऊण तास, तोही एकसारख्या जाळाचा, भडका करून लवकर होत नाही. झालं की नाही बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपड, चर्र होऊन लगेच उडून गेले की काढ. तरी पहिली पुडी सोडून मांडीचा एक तुकडा हाडाशी फोडून बघच, लाल दिसला तर त्या पुड्या घरात तव्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं ठेव, शेंगा तोवर खायला घ्या.

चौल_वाडीवाला

काकूंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त जागेचं बोलतो कारण त्याकडे कुणी बघत नाय. नारळाखाली लावू नका दादा, वरची सुकी झावळी पेटायला एक ठिणगी बास होते. पेंढ्याची उडवी असेल तर तिच्यापासून लांब, आणि वारा बघून. आपल्याकडे थंडीत दुपारपासून खारा वारा असतो, तो दिवस मावळला की पडतो आणि रात्री मतलई सुटते म्हणजे उलट्या बाजूने, त्यामुळे संध्याकाळी जिथे धूर येत नव्हता तिथेच रात्री धूर येतो. खुर्च्या आधीच मांडून ठेवल्यात तर नंतर उचलाव्या लागतील, आईंना तर ओटीवरच बसवा. दोन बादल्या पाणी आणि घमेलंभर वाळू शेजारी पाहिजेच, चार पोरं आहेत म्हणता ना, जाळाभोवती चुन्याची रेघ मारा आणि त्यांना सांगा या रेघेच्या आत फक्त पेंढा टाकणारा येणार.

भांबुर्डा भातकापणी झालेल्या शेतात, बांधावर भरपूर मिळेल, तुम्हाला वास माहीत आहेच. पण सकाळीच काढा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दुपारपर्यंत मान टाकतो. रस्त्याच्या कडेचा धुळीचा असतो, तो नको.

पोपटी_आणि_पापडी

जैन मैत्रिणीसाठी अगदी सोपं आहे, तिचं मडकं पहिलं लावा. जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेचारला जाळ केला तर पाच-सव्वापाचला मडकं उघडेल आणि ती निवांत जेवेल. त्यात बटाटा, रताळं, कणगर, कांदा, लसूण काही घालायचं नाही. शेंगा, ओवा, मीठ, मक्याची कणसं कापून, आणि हवं तर वाटण हिरवी मिरची-कोथिंबीर-ओल्या खोबऱ्याचं. तरी आधी तिला फोन करून विचारा, प्रत्येक घरचं वेगळं असतं, तिथी असेल तर हिरवं खात नाहीत. मडकं नवीनच घ्या, अंड्या-चिकनच्या मडक्यात तिचं लावू नका. आणि ते सगळ्यांसमोर उघडा, सगळ्यांनी त्यातलं खा, म्हणजे पहिलं जेवण सगळ्यांचं एकत्रच झालं.

माझं माहेर वलसाडकडचं, तिथे असंच उंबाडियुं करतात, पापडी आणि कंद घालून, हिरव्या मसाल्याचं, तेही मडक्यातच आणि पाण्याशिवाय. त्यामुळे लग्नानंतर अलिबागला पहिली पोपटी खाल्ली तेव्हा परकं वाटलंच नाही.

डलासकर

इथे मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या ग्रिलवर दोनदा केलीये म्हणून लिहितो, कुणाला उपयोग होईल. मडकं नाही, झाकणवालं बिडाचं जड भांडं घेतो, कोळसे दोन्ही कडेला आणि भांडं मध्ये, ग्रिलचं झाकण बंद, साधारण एक तास. भांबुर्डा नाही मिळत, केळीची पानं आणि कुंडीतल्या ओव्याची पानं घालतो, चव जवळपास जाते पण तो वास नाही येत हे खरंच सांगतो. चिकनला आम्ही टोचायचा थर्मामीटर वापरतो, १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की काढायचं, दादा तुम्हीही एक घेऊन ठेवा, भीती मनात राहणार नाही.

नागावचा_परसवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, आज रविवार, काल झाली पोपटी म्हणून सांगायला आलो. बाबांचं मडकं माळ्यावर होतं, काठ एका बाजूला उडालेला आणि बाहेरून काळं कुळकुळीत, त्यातच पहिलं चिकन लावलं. जैन मैत्रिणीचं मडकं सव्वापाचला उघडलं, भांबुर्ड्याचा वास आला तसे सगळे मोबाईल ठेवून जवळ सरकले आणि केळीच्या पानावर ओतायच्या आधीच निम्म्या शेंगा संपल्या. भात-रस्सा काही केला नाही, फक्त आईने ताक करून ठेवलं होतं.

वारा साडेसातला फिरला, अगदी म्हणालात तसाच, पण आम्ही चटया टाकल्या होत्या म्हणून उचलून सरकलो. एका मडक्यात तीन अंडी फुटली, ती भिंतीला लागली असणार. चिकन हाडापर्यंत शिजलं होतं.

आई शेवटी ओटीवरून उठून आलीच, एक शेंग सोलून खाल्ली आणि म्हणाली ओवा थोडा कमी पडलाय. काकू, सहा किलो शेंगांना ओवा किती घालता तुम्ही? मी दोन मुठी घातला होता. फेब्रुवारीत शेंगा संपायच्या आत अजून एकदा लावायचीये.

रोह्याची_काकू

दोन मुठी पुष्कळ झाला, पण अख्खाच टाकला असशील. हातावर चोळून टाक, आणि थोडा चिकनच्या पुड्यांवरही.