मदत हवी: वॉटर पंपाचा बोल्ट आत तुटलाय, आणि थर्मोस्टॅट बसवू की नको?

नमस्कार मंडळी,

मुक्काम आचरा, तालुका मालवण. गाडी पेट्रोल, तीन सिलिंडर, २०१२ची, ९४ हजार किलोमीटर झालेली. टायमिंग चेनवाली आहे, पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून घरीच हात घालायचं धाडस केलं.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला जाताना फोंडाघाटात निम्म्यावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून अर्धा तास बसलो, मग रडतखडत दाजीपूर गाठलं. घरी येऊन बघतो तर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून थेंब थेंब गळतंय. आतलं सील गेलं, हे एवढं मलाही कळलं.

रेडिएटर रिकामा केला तर कूलंट कुठलं, नाचणीच्या आंबिलीसारखं तांबूस पाणी. चूक माझीच, दोन वर्षं विहिरीचं पाणी ओततोय. पंप बाहेर काढला तर आतल्या चक्राची पाती कडेने कुरतडलेली, दोन तर बोटाने मोडली. पाणी फिरणार कशाने!

खरी गंमत पुढे. थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं, झाकण खोललं, तर आत थर्मोस्टॅटच नाही. आधीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "मियाच काढलंय तो. हय थंडी खंय पडता मरे?" बोलणं पटण्यासारखं होतं. पण डिसेंबरात पहाटे निघालो की काटा कितीतरी वेळ वर यायचाच नाही, तेही आठवलं.

आता अडलंय ते असं. पंपाच्या बोल्टांपैकी सगळ्यात खालचा, १० नंबरच्या पान्याचा, डोकं तुटून आत राहिलाय. खारी हवा, दुसरं काय. साधारण चार एमएम दांडा बाहेर आहे. ब्लॉक अॅल्युमिनियमचा. ड्रिल मारू का? आणि थर्मोस्टॅट नवा बसवू, की मेकॅनिकचं ऐकू? गणपतीला भाऊ मुंबईहून यायचाय, त्याआधी गाडी उभी राहायला हवी.

घाटवाट: ड्रिल अजिबात नको. सहा एमएमचा बोल्ट आहे, ड्रिल जरा तिरकं गेलं की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. गंज सोडवायचं तेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी दांड्यावर हलकेच ठोका आणि पुन्हा तेल. मग वाइस ग्रिप (अडकून बसणारी पक्कड) घट्ट धरून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. नाहीच हलला तर वेल्डरकडून दांड्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला विसरू नका. गाडी तापली होती म्हणता, तर ऑइल फिलरचं झाकणही उघडून बघा. आत दुधट चिकटा असेल तर मामला हेड गॅसकेटचा (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगचा) असू शकतो, मग पंपावर भागणार नाही.

माडाखाली: थर्मोस्टॅट बसवाच. तो थंडीसाठी नसतो, इंजिन नेमक्या तापमानावर ठेवायला असतो. इंजिन थंड आहे असं कळलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, अॅव्हरेज पडतं ते तिथे. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरला बगल देऊन नुसतं आतल्या आत फिरतं. नव्यावर ८२ किंवा ८८ असा, उघडायच्या तापमानाचा आकडा कोरलेला असतो, तुमच्या गाडीला कुठला ते पुस्तकात बघून घ्या. बसवण्याआधी टोपात पाणी तापवून, दोऱ्याला टांगून किती अंशाला उघडतो ते बघा. तळाला टेकू देऊ नका. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, हवेची छोटी पिन वर.

आणि विहिरीचं पाणी बंद! पाणी मिसळलेलं तयार कूलंट मिळत नसेल तर निम्मं घट्ट कूलंट, निम्मं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर. सांडलेलं कूलंट अंगणात ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

धागाकर्ता: झाकण उघडून बघितलं, ऑइल स्वच्छ आहे. बोल्टाने तीन रात्री तेल पिऊन चौथ्या सकाळी मान तुकवली. कुरकुर करत पाव वळसा फिरला तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. जुन्या गॅसकेटचा कागद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, लोखंडी पातं लावलं नाही. बोल्ट सगळे नवे घेतले.

थर्मोस्टॅट टोपात ८३ला उघडायला लागला, आकडा ८२. थर्मामीटर स्वयंपाकघरातला, म्हणजे ठीकच म्हणायचं. आता हवा काढायचं सांगा. उतारावर गाडी तोंड वर करून लावलीय.

घाटवाट: बरोबर लावलीत. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिनात सावकाश भरा, हीटर पूर्ण गरमवर, आणि रेडिएटरचा वरचा होस (रबरी पाइप) हाताने दाबत राहा. मग गाडी चालू करा. बुडबुडे थांबले, वरचा होस एकदम गरम झाला, की थर्मोस्टॅट उघडला समजा. झाकण लावा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या. मग रात्रभर थंड करून पातळी बघा, गरम असताना झाकणाला हात नको. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही नवं घ्या.

धागाकर्ता: सकाळी पेलाभर कमी झालं होतं, भरलं. आता काटा निम्म्याच्या जरा खाली उभा आहे, गेली दोन वर्षं तिथे कधी बघितला नव्हता. रविवारी फोंडाघाट चढून येतो.