गोळीबार 'झाला' की 'केला'?

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहतो. मुलीने संयुक्त महाराष्ट्रावर निबंध लिहिलाय. त्यात वाक्य आहे : '२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि आंदोलक हुतात्मे झाले.' व्याकरण बरोबर आहे, तरी मला खटकतंय. का, ते सांगता येईना.

उत्तर : दादा, खटकायलाच हवं. पाऊस झाला, उशीर झाला, तसा गोळीबार झाला! 'पोलिसांनी गोळीबार केला' म्हटलं की त्या 'नी'पाशी कर्ता उभा राहतो आणि पुढचा प्रश्न आपसूक येतो : हुकूम कोणाचा? तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. 'झाला' लिहिलं की तिथवर कोणी जातच नाही. जालियनवाला बागेला मात्र आपण बेधडक 'हत्याकांड' म्हणतो. परक्या सरकारला एक शब्द, आपल्या सरकारला दुसरा.

'हुतात्मा'चंही तसंच. 'आहुती'तला 'हु' धातूच इथे आहे. हा शब्द आपल्या भगूरच्या सावरकरांनी घडवला असं सांगतात. अनंत कान्हेऱ्यांना तो चपखल बसतो. १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात जॅक्सनवर गोळी झाडली, तेव्हा पुढे फाशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण चौकात घोषणा देणाऱ्याने आत्माहुती दिली नव्हती, त्याचा जीव घेतला गेला.

दुसरं उत्तर : ताई, 'झाला'बद्दल पटलं. 'हुतात्मा' मात्र काढू नका. त्या घरांना सरकारकडून दुसरं मिळालं काय? शब्द राहू द्या, शेजारी मारणाऱ्याचं नाव लिहा.

पहिलं उत्तर : मान्य, काढायचा नाहीच. याच ओघात 'खेद' आणि 'माफी'ही पाहा. खेद व्यक्त करतात, त्याला समोर कोणी लागत नाही. माफी मागावी लागते आणि समोरचा ती नाकारू शकतो. २०१९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जालियनवालाबद्दल संसदेत खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. उत्तर आयर्लंडच्या डेरीत ३० जानेवारी १९७२ ला सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पहिल्या चौकशीने सैनिकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतलं. दुसरीचा अहवाल २०१० मध्ये आला, तेव्हा कुठे पंतप्रधानांनी माफी मागितली. ३८ वर्षं!

मूळ प्रश्नकर्ता : आभार. मुलीने वाक्य बदललं : 'पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मारली गेली.' आता तीच विचारतेय, 'बाबा, 'मारली गेली' की नुसतं 'मारली'?'