कोमाजुरोची लाज
जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या ‘फ्लोटिंग वीड्स’ (१९५९) या चित्रपटातला फिरत्या नाटकमंडळीचा मालक कोमाजुरो निव्वळ संतापी आणि स्वार्थी आहे, हे मत मला अपुरे वाटते. भर पावसात, अरुंद रस्त्याच्या दोन बाजूंना वळचणीखाली उभे राहून तो आणि त्याच्या मंडळीतली नटी व सहचरी सुमिको भांडतात तो प्रसंग पुन्हा पाहावा: ती आपण केलेल्या मदतीची आठवण देते, आणि तो मात्र आपला मुलगा तिच्यापेक्षा वेगळ्या जातकुळीचा असल्याचे बजावतो. ज्या रंगभूमीवर आयुष्य गेले तिचीच त्याला मनातून लाज वाटते. म्हणून तर स्वतःच्या मुलासमोर तो इतकी वर्षे मामा बनून वावरला. काबुकी या जपानी पारंपरिक रंगभूमीवरच्या घराण्यातल्या नाकामुरा गांजिरो यांनी ही भूमिका करावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.