मदत हवी आहे: जुन्या हॉर्न स्पीकरचा वूफर बदलायचाय, कोणता घेऊ?

घाईतबाजी
मंडळी, सरळ प्रश्न आहे. जुने हॉर्नवाले (भोंग्यातून आवाज काढणारे) स्पीकर आहेत, डावीकडच्याचा वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) फाटका वाजतोय. 15 इंची बसवायचाय. कोणता घेऊ? 500 वॉटच्या वरचा असेल तर उत्तम. शनिवारी मित्रमंडळी ऐकायला येणार आहेत, तेव्हा जरा लवकर सांगा. "आधी शोधून बघा" नको, शोधूनच आलोय.

डीबीमास्तर
हॉर्नवाले म्हणजे कुठले? फक्त वरचा भाग हॉर्नचा, की बासही हॉर्नमधूनच येतो? कंपनी, मॉडेल? जुन्या वूफरचे ओहम किती? फाटका म्हणजे कधी, हळू आवाजातसुद्धा की मोठ्या आवाजातच? पत्रिका न दाखवता लग्न ठरवायला निघालात.

भोंगाप्रेमी
अल्टेक कंपनीचा 515 वूफर घ्या आणि विषय संपवा. माझ्या अल्टेकच्याच ए-7 पेट्यांमध्ये मूळचे 416 वूफर काढून 515 बसवलेत. ढोलाची थाप छातीत बसते. मॅग्नेट असा की पाना जवळ नेला तर हातातून सुटून जातो.

खर्जसाधक
@भोंगाप्रेमी, 515 चांगलाच आहे, पण ए-7 ची पेटी पुढून हॉर्न आणि मागून बास रिफ्लेक्स (छिद्रातून बास सोडणारी) अशी आहे. तिथे 416 ला खालचा खर्ज जास्त मिळतो. 515 ने मधला बास कडक होतो आणि तळ पातळ पडतो. शिवाय यांची पेटी कुठली हेच अजून माहीत नाही.

भोंगाप्रेमी
तळ पातळ पडतो हे ऐकून सांगताय की आलेख बघून?

खर्जसाधक
दोन्ही.

उगाचएक
कारचा 15 इंची सबवूफर टाका की. वॉट भरपूर, बास दणदणीत.

डीबीमास्तर
@उगाचएक, कृपया नको. कारच्या सबवूफरचा कोन (हलणारा पडदा) जड असतो आणि सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला किती आवाज निघतो तो आकडा) बरेचदा 90 डेसिबलच्या आत. वरचे हॉर्न शंभरी ओलांडणारे. 10 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला दहापट वॉट. दुसरं म्हणजे, हॉर्नमध्ये वूफर वर कुठपर्यंत नीट वाजेल याचा ढोबळ हिशेब आहे: एफएसची (वूफर स्वतःहून ज्या वारंवारतेला घुमतो ती) दुप्पट भागिले क्यूईएस (त्या घुमण्याला मॅग्नेटचा लगाम किती; आकडा लहान तितका लगाम घट्ट). एफएस 25 आणि क्यूईएस 0.5 असेल तर 100 हर्ट्झ. त्याच्या वर आवाज उतरायला लागतो आणि कोन हलवणाऱ्या कॉइलचं (तारेच्या वेटोळ्याचं) इंडक्टन्स, म्हणजे वरच्या सुरांना होणारा तिचा अडथळा, त्यात भर घालतं. हॉर्नला हलका कोन आणि जोरदार मॅग्नेट लागतो. वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

घाईतबाजी
एवढं गणित कशाला? मागे स्टिकर आहे, क्लिप्श कंपनीचे ला स्काला. 1970 च्या दशकातले. आता सांगा.

डीबीमास्तर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! म्हणजे आत के-33-ई वूफर असणार. तो 4 ओहमचा आहे. 8 ओहमचा आणलात तर तेवढ्याच व्होल्टेजला निम्मा करंट, म्हणजे साधारण 3 डेसिबल बास गेला. त्या काळच्या एए क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि हॉर्नना आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) वूफरसाठी 2.5 मिलिहेन्रीची एकच कॉइल असते. 8 ओहमला तिचा छेद (जिथून वूफरचा आवाज कापला जातो ती वारंवारता) दुप्पट वर सरकतो आणि वूफर मिडरेंजच्या (मधल्या सुरांच्या हॉर्नच्या) वाटणीचंही गायला लागतो. @भोंगाप्रेमींच्या 515 चा प्रश्न इथेच निकालात निघाला, तो 8 किंवा 16 ओहममध्येच येतो.

भोंगाप्रेमी
मग क्रॉसओव्हरही बदला. क्लिप्शच्या पेटीत असतो तो बास म्हणायचा का?

व्हॉल्वनाना
मूळ प्रश्न अॅम्पचा आहे. ट्रान्झिस्टर अॅम्पवर हॉर्न कर्कशच वाजतात. 300बी व्हॉल्ववाला 8 वॉटचा लावा, वूफर बदलायची इच्छाच राहणार नाही.

घाईतबाजी
नाना, वूफर फाटलाय. अॅम्प ठीक आहे.

तारजोडे
फाटलाय हे ठरवलं कशावरून? आधी डाव्या-उजव्या पेटीच्या तारांची अदलाबदल करा. फाटका आवाज डाव्या पेटीतच राहिला तर पुढे जा. अॅम्प बंद करून पेटी आडवी करा, तळाची फळी उघडा, वूफर आत आहे. तारा सोडवून मल्टिमीटर लावा, 3.4 च्या आसपास ओहम यायला हवेत. मग चारी बोटं कोनच्या मध्यावर सारख्या अंतरावर ठेवून अलगद दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. आणि आकडा बघत असतानाच टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली तार हलवून बघा. आकडा नाचला तर ती तुटत आलीय, वूफर बदलायची गरज नाही.

उगाचएक
अवांतर: ला स्काला मुळात निवडणुकीच्या भाषणांसाठी काढलेला स्पीकर आहे. विन्थ्रॉप रॉकफेलर आर्कान्सामध्ये गव्हर्नरपदाला उभे होते, त्यांच्या प्रचारासाठी.

खर्जसाधक
म्हणूनच 50 हर्ट्झच्या खाली त्यात काही शोधू नये. भाषणाला लागत नाही.

घाईतबाजी
तारा बदलल्या, डावीच पेटी फाटतेय. फळी उघडली. चौकोनी मॅग्नेट, शिक्का 137 ने सुरू होतो. 3.5 ओहम येतात, विणलेली तार हलवून फरक नाही. दाबल्यावर एका बाजूला खरखर आहे.

तारजोडे
137 म्हणजे सीटीएस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचा. मूळचा दिसतोय, फेकू नका. इतकी वर्षं एकाच बाजूने टांगलेला कोन खाली झुकतो आणि कॉइल मॅग्नेटच्या फटीत तिरकी होते. वूफर 180 अंश फिरवून बसवा आणि आठवडाभर वाजवून बघा. कॉइलचं वेटोळं सुटलं नसेल तर बऱ्याचदा एवढ्याने काम होतं.

भोंगाप्रेमी
रीकोन करा सरळ, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवून घ्या.

डीबीमास्तर
रीकोनमध्ये कोन जड आला की एफएस बदलली, आणि दोन पेट्या दोन सुरांत. फिरवून भागलं नाही तर एमिनन्सचा कप्पा-15सी, 4 ओहमचा, याच्या जागी बरेच जण वापरतात. घेतलात तर दोन्हीकडे घ्या. बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल प्लसला प्लस लावून क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे.

व्हॉल्वनाना
जुन्या जेबीएल कंपनीच्या स्पीकरमध्ये कोन आत जातो!

डीबीमास्तर
नाना, हे जेबीएल नाहीत.

घाईतबाजी
फिरवून बसवतो. जुनी गॅस्केट (वूफर आणि फळीमधली पट्टी) चिवट झालीय, काढताना फळीचा पापुद्रा निघतोय. सिलिकॉन लावू का?

तारजोडे
सिलिकॉन नको, पुढच्या वेळी वूफर सुटणार नाही. फोमची पट्टी लावा, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. एकच बाजू पूर्ण आवळलीत तर चौकट वाकून कॉइल पुन्हा घासेल.

उगाचएक
कुणाकडे ए-7 चे जादा हॉर्न आहेत का? माझ्या कारसाठी विचारतोय.