काळ्या मातीच्या साइटवर सिल्ट फेन्स म्हणजे पैसे पाण्यात. पटतंय का?

मुरूम_आणि_मी (धागाकर्ता)

जालन्याच्या बाहेर चार एकरांवर गोदामाचं काम चालू आहे, साइट मी बघतो. वरून दोन-अडीच फूट काळी, खाली पांढरी, मग मुरूम. सगळा ढाळ ओढ्याकडे, आणि ओढ्याच्या काठाला एका काकांची मोसंबीची बाग नि विहीर. गेल्या जुलैत ओढा फुगला आणि आमच्या साइटचं पाणी त्यांच्या विहिरीत गेलं. काका भांडले नाहीत. विहिरीतल्या पाण्यानं भरलेली बादली आणून ऑफिसच्या पायरीवर ठेवली आणि निघून गेले.

यंदा मालकांचा हुकूम आहे की सिल्ट फेन्सचे रोल मागवा, म्हणजे खुंट्यांना ताणून लावायचं ते गाळ अडवणारं कापड. खालच्या हद्दीला उभं करा, विषय संपला. माझं म्हणणं, विषय तिथे सुरूही होत नाही. तोच पैसा उघडी माती झाकण्यात घाला.

गेल्या वर्षी आम्ही २०० मीटर कापड लावलं होतं. जोराचा पाऊस झाल्यावर मी पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या. एक कापडाच्या आतलं पाणी, एक बाहेरचं. खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींचा रंग टपरीवरच्या चहासारखा, कोणती कुठली हे मलाच नंतर ओळखेना. तिसऱ्या दिवशी वरची दोन-तीन बोटं निवळली होती, बाकी तसंच. यात नवल नाही. चिकणमातीचा २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात दिवसाकाठी साधारण ३० सेंमी खाली उतरतो, आणि कण निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. या कापडांची छिद्रं साधारण १५० ते ६०० मायक्रॉनची. गव्हाच्या चाळणीनं मैदा अडवायला निघालोय आपण.

दुसरं. मे महिन्यात १५ सेंमी खोल चर घेऊन कापडाचा खालचा काठ गाडला आणि निघालेल्या काळ्या मातीनंच चर बुजवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहतो तर चराच्या दोन्ही कडांना भेगा, सरळ हात आत जाईल एवढ्या. पहिलं पाणी कापडाला टेकलंसुद्धा नाही, खालूनच पसार. कापड आपलं वर झेंड्यासारखं उभं.

म्हणून माझा बेत असा: सपाट भागावर उसाचं पाचट, भरावाच्या उभ्या बाजूंना काथ्याची जाळी, पाण्याच्या वाटेवर अनगड दगडांचे छोटे आडवे बांध, आणि चारही एकर एकदम न उकरणं. बोला.

बीओक्यू_बहाद्दर

नाचता येईना अंगण वाकडं. कापड तुम्ही चुकीचं लावलं आणि शिव्या कापडाला.

पहिली गोष्ट, सिल्ट फेन्स ही चाळणी नव्हेच. तो एक बुटका बंधारा आहे. पाणी तुंबलं पाहिजे, थांबलं पाहिजे, म्हणजे जड माल मागे बसतो. तुम्ही बाटलीत फक्त तरंगणारा माल मोजलात. कापडामागे काय साचलं होतं ते का नाही सांगत?

दुसरी गोष्ट, काळी माती वाहते तेव्हा तिचा प्रत्येक कण सुटा होऊन वाहतो असं नाही. बराचसा भाग बाजरीच्या दाण्याएवढ्या रव्यांनी वाहतो, आणि हे रवे बसतात. मुरमाचं तर विचारूच नका, तो बसायलाच आलेला असतो.

तिसरी, आणि ही हिशोबाची. १०० फूट कापडामागे पाव एकराहून जास्त क्षेत्राचं पाणी येऊ द्यायचं नाही, हा जुना ठोकताळा आहे. तुमच्या चार एकरांना १,६०० फूट, म्हणजे जवळपास ४९० मीटर हवं होतं. तुम्ही लावलं २००. अंगावर अर्धी चादर घेऊन झोपलात आणि म्हणता थंडी चादरीमुळे वाजली. आणि ओढ्याला मिळणाऱ्या घळीत कापड आडवं लावलं होतं का? लावलं असेलच, सगळे लावतात. एकवटलेल्या धारेपुढे ते टिकत नाही, तिथे दगडच हवेत.

शेवटचं म्हणजे कापड मीटरमध्ये मोजता येतं, एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, चढतं, बिल निघतं. पाचट कशात मोजणार? टोपल्यांत?

गुत्तेदार_नांदेड

आवो साहेब, तुम्ही दोघं बी पुस्तकातलं बोलायलाव. मी रस्त्याच्या भरावावर सोयाबीनचं भुसकट टाकून बघितलंय. पह्यल्या दिवशी वारं सुटलं, निम्मं शेजारच्या शिवारात. राह्यलेलं पाण्यानं उचललं अन् मोरीच्या पाइपात नेऊन बसवलं. पाइप तुंबला, पाणी रस्त्यावरून गेलं, भराव खचला. जेईसाहेबानं मलाच धरलं. वरून शेळ्या. अन् लेबर बिडी वढतंय, एक थोटूक पडलं की खेळ खलास.

त्यापक्षी हिरवी जाळी लावावं. स्वस्तात व्हतंय, कुठं बी भेटतंय, अन् साहेब लोकायला लांबून दिसतंय बी.

बीओक्यू_बहाद्दर

हिरवी जाळी?! भाऊ, ती शेडनेट आहे, रोपांना सावली द्यायला. ना ती पाणी तुंबवते, ना गाळ. तुमचं शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं, ती लांबून दिसते.

वाळा_लावा

दोघांचंही चुकतंय. वाळा लावा. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, जून झालेल्या पानाला गुरं फारशी तोंड लावत नाहीत, आणि काळ्या मातीला भेगा पडल्या तरी गड्डा जागा सोडत नाही. ओळीत १० ते १५ सेंमीवर एक फुटवा. खर्च एकदाच.

मुरूम_आणि_मी

@वाळा_लावा, वाळ्याला कोण नाही म्हणेल? पण आत्ता लावलेला फुटवा यंदाच्या मृगाचं पाणी अडवणार नाही, त्याची ओळ भरायला एक पावसाळा जातोच. कायमच्या भरावाला जरूर लावेन. पण जो ढीग तीन महिन्यांनी उचलायचाय त्याच्यावर वाळा लावून काय करू?

@बीओक्यू_बहाद्दर, घळीचं बरोबर ओळखलंत, गप्प बसतो. ४९० मीटरचा हिशोबही मान्य, तो मी केलाच नव्हता. कापडामागे काय साचलं होतं? खालच्या कोपऱ्यात अर्धा फूट थर, हात घालून पाहिला, बहुतेक मुरूम आणि वाळू. म्हणजे तुमचं म्हणणं तिथे खरं आहे. पण काकांच्या बादलीत जे होतं ते मुरूम नव्हतं हो. ते दोन्ही बाटल्यांतलं होतं, आणि ते तुमचं ४९० मीटर कापडही थांबवणार नाही. ते एकदा पाण्यात उतरलं की उतरलं, म्हणून उतरूच द्यायचं नाही. थेंब उघड्या मातीवर आपटतो तिथेच चिखल तयार होतो. मृदसंधारणवाल्यांच्या गणितात उघड्या जमिनीचा झीज-गुणांक १ धरतात, नीट दाट आच्छादन असेल आणि ढाळ सौम्य असेल तर तो ०.१ च्या आसपास येतो. इतका फरक पाडणारा कुठला रोल आहे तुमच्याकडे?

@गुत्तेदारसाहेब, भुसकट आणि पाचटात फरक आहे. भुसकट हलकं नि बारीक, ते उडणारच. पाचटाची पाती लांब, एकमेकांत गुंततात. एकरी दोनेक टन पसरायचं आणि वरून सुतळीची आडवी-उभी वीण, खुंट्यांना बांधून. बिडीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

बांधावरून_बीड

मी साइटवाली नाही, शेतकरी आहे. आमच्या शेताच्या वर दोन वर्षं रस्त्याचं काम चाललं होतं, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे गाळ गाळ करताय, पण गाळ आणि गाळात फरक आहे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना चालू आहे. तलावातली काळी माती आणायला आम्ही ट्रॅक्टर लावतो, पदरचं डिझेल जाळतो. ती बांध ओलांडून फुकट आली तर आम्ही काही पोलिसांत जात नाही. आमचं वाटोळं केलं ते मुरमानं. वावराच्या वरच्या बाजूला टाचभर मुरूम येऊन बसला. तो ना नांगरानं खाली जातो ना कुळवानं निघतो. तिथे दोन हंगाम तूर खुरटी राहिली, शेवटी माणसं लावून पाट्यांनी उचलला. आणि सिमेंट धुतलेलं पांढरं पाणी, त्याचं तर कुणी नावच काढत नाही.

तेव्हा दादा, विहीरवाल्यांना बारीक गढूळ नडतं हे खरं, पण ओढ्याच्या खाली आणखी शेतं असतीलच. त्यांच्यासाठी मुरूम आधी अडवा. कापडानं अडत असेल तर कापडानं अडवा.

प्रयोगशाळेतला

बाटलीचा प्रयोग फार आवडला. आता तेच पाणी घेऊन त्यात तुरटीचं पाणी थेंब थेंब घालून बघा. आपल्याकडे पूर्वी माठात निवळीचं बी उगाळून घालत, तसंच. कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि खाली बसतात. चार बाटल्या घ्या, चारांत वेगवेगळी मात्रा, कोणती लवकर निवळते ते बघा. तुरटीनं पाणी आंबट होतं. आपल्या भागातल्या चुनखडीच्या जमिनीचं पाणी मुळात अल्कधर्मी, ते थोडं सावरून घेतं, तरी लिटमस लावल्याशिवाय पाणी ओढ्यात सोडू नका. आणि हे फक्त साठवण-खड्ड्यात करायचं. पाणी थांबलेलं हवं, पुंजके खड्ड्यातच बसायला हवेत. वाहत्या धारेत तुरटी टाकणं म्हणजे आपला गाळ काकांच्या विहिरीत बसवून देणं.

बीओक्यू_बहाद्दर

मध्यरात्री वीज गेलेली, धो धो पाऊस, आणि वॉचमन तुरटी मोजतोय. चित्र डोळ्यांसमोर आणा.

काथ्या_की_ताग

भरावावरच्या जाळीचं कुणी नीट बोललंच नाही. माझं रोजचं काम तेच.

ताग पाणी भरपूर पितो, त्यामुळे बी लवकर रुजतं, पण एक-दोन हंगामांत विरतो. काथ्या दोन-तीन वर्षं सहज टिकतो. तुमच्याकडे पाऊस लहरी, पहिल्या वर्षी गवत धरलं नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात ताग गेलेला असतो. म्हणून मराठवाड्यात माझा कौल काथ्याला. चौरस मीटरला ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम वजनाची विणलेली जाळी मिळते, आयएस १५८६९ हे भारतीय मानक बघून घ्या. तागासाठी आयएस १४९८६ मध्ये भरावावर कसं अंथरायचं ते दिलंय.

जाळी मातीला अंगाबरोबर चिकटून बसली पाहिजे. ताणून लावली की खाली पोकळी राहते, पाणी तंबूखालून जावं तसं जातं, आणि वरून सगळं छान दिसत राहतं. वरचा काठ भरावाच्या माथ्यावर चर खणून गाडायचा, पट्टे वरून खाली सोडायचे, आडवे नाहीत. बी आधी, जाळी नंतर. आणि प्लॅस्टिकची बारीक जाळी शिवलेलं ब्लँकेट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. त्यात साप अडकतात. मी स्वतः एक धामण कात्रीनं सोडवली आहे. लेबर अर्धा तास लांबूनच बघत उभं.

सरकारी_कागद

@बीओक्यू_बहाद्दर, "पाचट कशात मोजणार" याचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये कलम ३०६ धूप आणि गाळ नियंत्रणाचं, ३०७ हरळीच्या चापड्यांचं, ३०८ बी पेरणी आणि आच्छादनाचं. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:५६ तर सगळं रस्त्याच्या ढाळांच्या धुपेवरच आहे. म्हणजे आच्छादन ही काही झाडाखालची गप्प नाही. बीओक्यू, म्हणजे कामांच्या परिमाणांची यादी, करताना आयटम घातला नाही तर तो मोजायचा कुठून, एवढंच. धागाकर्त्याचं काम खाजगी आहे, त्यांना मालकानं हो म्हटलं की झालं.

बीओक्यू_बहाद्दर

कलमं मलाही पाठ आहेत. ३०८ चा आयटम घेऊन साइटवर प्रत्यक्ष पाचट पसरलेलं किती ठिकाणी पाहिलंत ते सांगा. मी एकदा पाहिलं, तेही पाहणी होती त्या आठवड्यात.

बरं, धागाकर्ते. बीडच्या ताईंचं मला पटलं, माझ्याच बाजूनं आहे म्हणून नव्हे. मुरमाचे ढीग कुठे आहेत तुमचे? फक्त त्यांच्या खालच्या बाजूनं कापड घ्या, समपातळीवर, दोन्ही टोकं वर वळवून. खुंट्या दोन मीटरवर. चर काळ्या मातीनं बुजवू नका, मुरूम ओला करून धुमसानं ठोका. मागचा गाळ कापडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की उपसा. तुमच्या पाचटावर अजूनही माझा विश्वास नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर फोटो टाका, बघू कोण हसतं.

गुत्तेदार_नांदेड

अन् त्या पाचटाजवळ पाण्याचा टँकर उभा ठेवा साहेब. ध्यान धरा.

मुरूम_आणि_मी

मालकांशी आज बोललो. कापड फक्त मुरमाच्या दोन ढिगांपुरतं, १५० मीटर. ढीग उचलून ओढ्यापासून लांब, वरच्या अंगाला न्यायचे ठरले, हे कुणीच सुचवलं नव्हतं, पण लिहिता लिहिता सुचलं. घळीत दगड. पश्चिमेचा दीड एकर पावसाळा संपेपर्यंत उकरायचा नाही, यावर मालक पाऊण तास चिडले आणि मग हो म्हणाले. ट्रांझिट मिक्सर, म्हणजे काँक्रीटच्या गाड्या, धुवायला वेगळा खड्डा, बीडच्या ताईंमुळे. तुरटीची बाटली मी घरी करून बघणार आहे, साइटवर नाही.

पाचटाच्या गाठी घनसावंगीकडून येतील, कालव्याखालचा ऊस आहे तिकडे. गाळप उरकलंय, शेतकरी पेटवायच्या आधी उचलायचं.

संध्याकाळी विहीरवाल्या काकांना हे सगळं सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, झाका बाबा काय झाकायचं ते, पण गेल्या वर्षीचा गाळ अजून माझ्या विहिरीत आहे, तो कधी उपसून देता? मालकांना उद्या विचारतो.