मदत हवी आहे: डबल बासवर काळी चारला सूर घरघरतो

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. घरात सगळे पेटी-तबल्यातले, मीच एकटा या रबेकांवाच्या, म्हणजे डबल बास नावाच्या उभ्या थोरल्या व्हायोलिनच्या, नादी लागलो.

अडचण अशी. 'जी' (G) तारेवर पहिल्याच सुराला, म्हणजे काळी चारला, गज ओढला की सूर उभाच राहत नाही. हुं-हुं-हुं करत सेकंदाला पाच-सहा वेळा अडखळतो, जुनी स्कूटर चढावर धापा टाकते तसा. आजूबाजूचे सूर स्वच्छ. बोटाने छेडलं तर जेमतेम जाणवतं.

दुरुस्तीवाल्याने तारांवर खापर फोडलं आणि जास्त ताणाचा महागडा संच गळ्यात मारला. त्रास वाढला! मग मीच डी आणि ए तारेवर तोच सूर वाजवून पाहिला, तिथेही तेच रडगाणं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाद्याची पेटी स्वतःच त्या सुराला, साधारण १०४ हर्ट्झला, जोरात थरथरते आणि तारेशी तिची रस्सीखेच चालते. यालाच वुल्फ टोन, म्हणजे लांडग्याचा सूर, म्हणतात.

काल लेकीला समोरच्या पाटीवर तळहात दाबायला लावला. घोडीच्या ई तारेकडच्या पायाखाली चार बोटांवर दाबलं की घरघर गप्प. हात काढला की हजर.

घोडी आणि टेलपीस (तारा खाली अडकवायची पट्टी) यांच्यामधल्या तारेवर बसवायची पितळी नळीही लावून पाहिली. लांडगा थोडा सरकला, गेला नाही. दोन सुरांच्या मधे हुसकला तरी मला पुरे आहे. आता नळी घोडीकडे सरकवत बघू, तळहाताच्या जागी पुट्टीचा गोळा चिकटवू, की साउंडपोस्ट (पोटातला, दोन पाट्यांमधला लाकडी खांब) हलवून घेऊ? चवथीनंतर कार्यक्रम आहे आणि त्यात गजाचंच काम जास्त.

— उत्तर, म्हापशाहून:
दादा, नळी तूर्त राहू द्या, साउंडपोस्टला तर हातच लावू नका. भर पावसात लाकूड फुगलेलं असतं, आज बसवलेला खांब हवा कोरडी झाली की नीट बसणार नाही. आधी कडेकडेने पेराने ठोकत एक फेरी मारा. सांधा सुटला असेल तिथे आवाज फटफटीत येतो. दमट हवेत सरस हमखास धरणं सोडतो. आणि सुतारकामाचा पांढरा गोंद अजिबात नको, पुढे पाटी उघडायची वेळ आली तर लाकूडच फाटेल. ते झालं की नळी एकेक सेंटीमीटर सरकवा, दर वेळी सूर ऐकून.

— मूळ लेखक:
ठोकून पाहिलं. एंडपिनच्या (वाद्य जमिनीवर टेकवायच्या खालच्या खुंटीच्या) डावीकडे चांगली वीतभर फट, पोस्टकार्ड आत जातं! आणि मी तीन महिने तारा बदलतोय. लांडगा त्यानेच येतो की नाही देव जाणे, पण आधी हे मिटवतो. नळी काढून ठेवली, सरस भिजत घातलाय. फोंड्याच्या आसपास कुणाकडे पाच-सहा क्लॅम्प आहेत का? दोन दिवसांत परत देतो.