शाळेच्या अनुदानाचा हिशेब पालक सदस्याने मागावा तो कसा?

बांधावरचा पालक (प्रश्न)

आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा असून पटावर 118 मुले आहेत. माझी दोन मुले तिथेच शिकतात आणि गेल्या वर्षीपासून मी शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. सदस्य झाल्यावर काही गोष्टी प्रथमच जवळून दिसल्या. बैठकीच्या इतिवृत्त नोंदवहीवर आमच्या सह्या आधी घेतल्या जातात आणि ठरावाचा मजकूर नंतर सवडीने लिहिला जातो. मीही दोन वेळा अशी सही केलेली आहे, हे आधीच कबूल करतो. शाळेच्या दर्शनी भिंतीवर अनुदानाचा तक्ता रंगवलेला आहे, परंतु त्यात 2022-23 नंतरच्या ओळी कोऱ्या आहेत.

संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या किरकोळ खर्चासाठी शासनाकडून दरवर्षी येणारी रक्कम) किती आले आणि कशावर खर्च झाले, असे मी मुख्याध्यापकांना विचारले असता, लेखापरीक्षण झालेले आहे, आपण काळजी करू नये, एवढेच उत्तर मिळाले. सर मनाने वाईट नाहीत; मुलांना उत्तम शिकवतात आणि सकाळी सर्वांच्या आधी शाळेत असतात. त्यामुळे गैरव्यवहार झाला आहे, असे मी म्हणत नाही, कारण मला तसे काहीच ठाऊक नाही. मला फक्त हिशेब पाहायचा आहे. हिशेब पाहण्याचा सदस्य म्हणून मला अधिकार आहे काय, नेमके कोणते कागद पाहावेत, आणि माझ्या मुलांना व शाळेतील वातावरणाला झळ न पोहोचता हे कसे करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त गुरुजी

अधिकाराविषयी शंका बाळगू नका. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 21 मध्ये समितीची जी कामे सांगितली आहेत, त्यांत शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा अन्य कोठूनही मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे काम स्पष्ट शब्दांत आहे. समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे तेच कलम सांगते. मुख्याध्यापक हे समितीचे सदस्य सचिव असतात. म्हणजे आपण हिशेब मागता तो परक्या कार्यालयाकडे नव्हे, आपल्याच समितीच्या सचिवाकडे.

आता कागदांकडे येऊ. समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान देय असते आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करावयाची असते. परंतु निकषातील रक्कम आणि प्रत्यक्ष आलेली रक्कम यांत पुष्कळदा अंतर असते, म्हणून पहिला प्रश्न ‘पन्नास हजार कुठे गेले’ असा न विचारता ‘या वर्षी किती आले आणि कोणत्या तारखेला आले’ असा विचारावा. त्यानंतर रोकड वही, व्हाउचर फाइल, बँकेचे विवरण आणि साठा नोंदवही या चार गोष्टी शेजारी ठेवून एकच नोंद चारही ठिकाणी शोधावी. समजा, रोकड वहीत चार पंखे आहेत, तर त्यांचे देयक व्हाउचर फाइलमध्ये असले पाहिजे, तेवढीच रक्कम बँकेतून गेलेली असली पाहिजे, त्या देयकाच्या पाठीवर साठा नोंदवहीचा पान क्रमांक असला पाहिजे आणि शेवटी मान वर करून पाहिल्यावर छताला चार पंखे फिरताना दिसले पाहिजेत. वर्षाचा सगळा हिशेब घेऊन बसण्यापेक्षा अशा तीन-चार नोंदी शेवटपर्यंत पडताळून पाहिल्या, तर शाळेचा कारभार कसा चालतो, ते अधिक लवकर कळते.

एक गोष्ट मात्र स्वानुभवाने सांगतो. सगळी देयके मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. पैसे अनेकदा जानेवारीनंतर येतात आणि 31 मार्चपूर्वी खर्च झाले नाहीत तर हातचे जातात, तर खडू, झाडू, विजेचे बिल यांची गरज जूनपासूनच असते. मी स्वतः वर्षभर विजेचे बिल खिशातून भरले आहे आणि अनुदान आल्यावर ते कोणत्या तरी देयकात बसवताना घामही गाळला आहे. ते नियमात बसत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. आपल्या मुख्याध्यापकांच्या मौनामागे चोरी असेलच असे नाही, अशा प्रकारची अवघडलेली जुळवाजुळवही असू शकते. आणि ती समितीसमोर उघड मांडली गेली असती, तर ठराव करून तिला वाट काढून देता आली असती.

सोमवार तीन ते पाच

गुरुजींनी लिहिलेले योग्यच आहे. मी पद्धतीविषयी लिहितो. सदस्य असताना पहिल्याच दिवशी माहितीचा अधिकार वापरू नका. सदस्य सचिवांना उद्देशून साधे पत्र लिहा, पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘अनुदान व खर्चाचे वाचन’ हा विषय घेण्याची विनंती करा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. समितीची बैठक दरमहा किमान एकदा होणे अपेक्षित असते, त्यामुळे फार वाट पाहावी लागू नये. पोच देण्यास नकार मिळाला, तर तेच पत्र टपालाने नोंदणी करून पाठवा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आहेच. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारणतः 150 शब्दांच्या आत असावा लागतो, दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावावे लागते. नवखे लोक हमखास करतात ती चूक अशी की अर्जात ‘का’ विचारतात: अमुक खर्च का केला, तमुक वस्तू का घेतली नाही. कायद्याने मिळते ती अभिलेखात असलेली माहिती. अधिकाऱ्याचे स्पष्टीकरण किंवा मत तयार करून मिळत नाही, आणि त्या एका ‘का’मुळे सगळा अर्ज निकाली निघतो. म्हणून मजकूर असा ठेवा: ‘दि. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या कालावधीत शाळेस प्राप्त झालेल्या संयुक्त शाळा अनुदानाशी संबंधित रोकड वही, व्हाउचर, साठा नोंदवही व उपयोगिता प्रमाणपत्र यांचे अवलोकन करावयाचे असून, अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या प्रती मिळाव्यात.’ उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे अनुदान ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला. अवलोकन हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसत्या प्रती मागितल्या तर नको ती दोनशे पाने दोन रुपये दराने गळ्यात पडतात आणि हवे ते पान त्यांत नसते, हे मी पैसे भरून शिकलो आहे.

तीस दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. माहिती अधिकाऱ्यास दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र आयोगाकडे प्रकरणे इतकी तुंबलेली असतात की दंडाच्या भरवशावर कोणी बसू नये. त्यापेक्षा कमी माहीत असलेली सोय सांगतो. राज्य शासनाने नोव्हेंबर 2018 मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे ठरवून दिले आहे. माझे टोपणनाव त्यावरूनच आले. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात शाळानिहाय वितरणाची यादी असते. आपल्या शाळेला किती रक्कम गेली, ते त्या यादीतच दिसेल आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना दुखवण्याचे कारणही पडणार नाही.

दोनशिक्षकी

मी शिक्षक आहे आणि थोडा विरोधी सूर लावतो. मागील काही वर्षांत आमच्या तालुक्यात हिशेब मागणाऱ्यांपैकी काहींनी अर्ज केला, मग ‘मिटवून टाकू’ असा निरोप पाठवला. प्रश्नकर्ते तसे नाहीत, हे त्यांच्या लिहिण्यावरून स्पष्ट आहे, परंतु मुख्याध्यापक ‘अनुदान’ शब्द ऐकताच आवळून का बसतात, त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरे असे की सर्वांची दृष्टी पन्नास हजारांवर असते, कारण ते जवळ दिसतात. वर्गखोलीची दुरुस्ती किंवा नवे बांधकाम यांत लाखांचा व्यवहार होतो, तो बहुधा बांधकाम विभागाकडून होतो आणि तिथे मुख्याध्यापकांना ठेकेदाराचे नावही काम सुरू झाल्यावर कळते. त्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) गावाने कधी मागितली आहे काय? ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून शाळेला रंग देते, शौचालय बांधते. त्याचा हिशेब ग्रामसभेत कोणी विचारतो काय? गणवेशाचे उदाहरण घ्या. 2024-25 मध्ये राज्याने कापड एकत्रित खरेदी करून गणवेश बचत गटांच्या महिलांकडून शिवून घेण्याचे ठरवले, अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोहोचले नाहीत, आणि पालकांची बोलणी खाल्ली ती शिक्षकांनी, ज्यांच्या हातात त्या वर्षी एक रुपयाही नव्हता. पुढील वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आली. प्रश्न विचारावेत, पण खर्चाचा निर्णय ज्या टेबलावर झाला त्या टेबलाला विचारावेत.

चुलीजवळची

दोनशिक्षकी सरांचे म्हणणे पटते, तरी जवळचा हिशेब सोडून लांबचा धरावा, हे पटत नाही. मी आमच्या समितीची उपाध्यक्ष आहे. कायद्याने समितीत निम्म्या महिला असतात, परंतु बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली की त्यातली एकही येत नाही आणि नोंदवही घरोघर फिरून सह्या होतात. आम्ही पहिली मागणी हिशेबाची केलीच नाही, बैठकीचा वार बदलून घेतला. पुढचे निम्मे काम त्यानेच झाले.

पैशांचे कागद वाचताना ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी शालेय पोषण आहारापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण ठरलेले आहे. समजा आज लहान मुले 80 आणि मोठी 30 हजर आहेत, तर आठ किलो आणि साडेचार किलो मिळून साडेबारा किलो तांदूळ शिजला पाहिजे. हे गणित घरात रोज भात लावणारी कोणतीही बाई तोंडी करते. आम्ही आळीपाळीने रोज एक आई पाठवली. आमच्याकडे कमतरता निघाली ती शाळेत नव्हे, गाडीतून उतरणाऱ्या पोत्यांत. पन्नास किलोच्या पोत्यात दोन-अडीच किलो कमी भरत होते आणि मुख्याध्यापक बाई पूर्ण वजनाच्या पावतीवर सही करून ती तूट स्वतःच्या अंगावर ओढून घेत होत्या. त्यानंतर वजनकाट्याशिवाय माल उतरवायचा नाही आणि पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहायचे, असा ठराव आम्ही केला. त्या ठरावाने सर्वांत जास्त सुटका झाली ती बाईंची.

बांधावरचा पालक

सर्वांचे मनापासून आभार. पुढे काय झाले, ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

गटशिक्षणाधिकारी कार्यालयात सोमवारी गेलो. लिपिकाला सोमवारच्या सोयीची कल्पना नव्हती, तरी यादी दाखवली. आमच्या शाळेला रक्कम दोन हप्त्यांत आणि निकषापेक्षा कमी मिळालेली आहे. म्हणजे माझ्या डोक्यातील पन्नास हजारांचा आकडा घेऊन बोललो असतो तर पहिल्याच वाक्यात खोटा ठरलो असतो. मग पोच घेऊन पत्र दिले. सर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावून चारही गोष्टी टेबलावर ठेवल्या. बहुतेक नोंदी जुळल्या. बसण्याच्या बारा पट्ट्यांचे देयक होते, साठा नोंदवहीत नोंदही होती, वर्गात मात्र सातच सापडल्या. उरलेल्या पाच प्रशिक्षणासाठी केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत) नेल्या त्या परत आल्या नाहीत, असे सरांनी सांगितले. नेल्याची नोंद कुठेच नव्हती. केंद्रप्रमुखांना तसे पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे.

एक गोष्ट अजून मनाला लागून आहे. मी कोऱ्या पानावर केलेल्या ज्या दोन सह्या आहेत, त्यांच्यावर नंतर लिहिलेल्या एका ठरावात रंगकामाला मंजुरी दिलेली आहे. रंगकाम झालेले आहे, पण त्याची चर्चा त्या बैठकीत झाली नव्हती. आता काय करावे?

निवृत्त गुरुजी

त्या पानावर खाडाखोड करू नका आणि सहीही खोडू नका. पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय येईल, तेव्हा ‘सदर ठरावावर त्या दिवशी चर्चा झाली नव्हती, काम पाहून समिती आज त्यास कार्योत्तर मंजुरी देत आहे’ किंवा ‘देत नाही’, जे काही सर्वांचे मत पडेल ते, आजच्या तारखेने लिहून घ्या. मजकुराची शेवटची ओळ संपते तिथेच लगोलग सही करा, मध्ये बोटभरही जागा सोडू नका. आणि भिंतीवरच्या तक्त्यातील कोऱ्या ओळी भरण्यासाठी रंगाचा डबा लागेल, त्याचे देयक व्हाउचरला लावायला सरांना सांगा.